चार आणे पाणी

आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना आहे. त्यात एक ओळ लिहिलेली आहे : विहिरीत चार आणे हिस्सा. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे आले ते १९५७ साली. बाजारातून आणा गेला, पण विहिरीच्या वाट्यातला आणा आमच्याकडे अजून चालू आहे. चार आणे म्हणजे आठ दिवसांच्या पाळीतले दोन दिवस. त्या दोन दिवसांत विहिरीतलं पाणी आमचं, उरलेले सहा दिवस दुसऱ्यांचं.

माझा धाकटा मुलगा शहरात वाढला. एकदा कशासाठी तरी उतारा काढला तेव्हा त्यानं ती ओळ वाचली आणि विचारलं, "अब्बा, चार आण्यांत किती पाणी येतं?" मी कविता लिहिणारा माणूस. अशा प्रश्नाचं उत्तर मला चटकन देता यायला हवं होतं. ते आलं नाही. आज श्रोत्यांसमोर ते उत्तर शोधायचं आहे, कारण त्या एका ओळीत आमच्या गावाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तुमच्यापैकी अनेकांच्या गावाचाही असेल.

आमचं गाव तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. पर्जन्यछायेतलं. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढगांची झोळी रिकामी होते आणि आमच्या वाट्याला वारा तेवढा येतो. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी ही इथली पिकं. आम्ही मुलाणी. गावच्या बलुत्यात आमचा वाटा होता. देवाच्या जत्रेत, लग्नकार्यात बकरं कापायचं ते मुलाण्यानं, आणि सुगीला खळ्यावर जाऊन पेंढ्या आणि धान्य घ्यायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गांवगाडा' हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झालं. त्यात गावातल्या या सगळ्या देण्याघेण्याचा बारीक हिशेब आहे. कुणब्याच्या खळ्यावर किती जणांचे हात पुढे येतात, आणि सगळ्यांचं देऊन झाल्यावर त्याच्या घरात काय जातं, हे वाचलं म्हणजे जुन्या खेड्याबद्दलचं आपलं स्वप्नाळू प्रेम थोडं जागेवर येतं.

आमची विहीर अशा काळात झाली. पैसा पाटलांच्या दोन भाऊबंदांचा, तगाई माळ्याच्या नावावर, आणि जागा आमची. इंग्रज सरकारनं १८८३ आणि १८८४ साली शेतकऱ्याला कर्ज देण्याचे दोन कायदे केले होते, त्या कर्जाला लोक तगाई म्हणत. आजोबांकडे पैसा नव्हता, पण पाणाड्यानं दाखवलेली जागा नेमकी आमच्या तुकड्यात निघाली. म्हणून चौघांचे चार-चार आणे ठरले. सात परस खोल गेले. परस म्हणजे पुरुषभर उंची. आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड आणि खाली काळा पाषाण. मुरूम आणि मांजऱ्याच्या थरातून पाझर फुटले. खालच्या पाषाणात पाणी साठून राहिलं.

त्या विहिरीवरची मोट मी लहानपणी पाहिली आहे. आमच्या शिवारातली ती शेवटची. आजच्या मुलांसाठी सांगतो. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली तिला सोंड. वरच्या जाड दोराला नाडा म्हणायचं, सोंडेच्या बारीक दोराला सोंदूर. बैल धावेवरून उताराला निघाले की चाक करकरायचं, मोट वर यायची आणि थारोळ्यात पाणी ओतलं जायचं. मग बैल मागे सरत सरत पुन्हा विहिरीच्या काठाशी. दिवसभरात असे फेरे किती व्हायचे कोण जाणे, पण भिजायचं ते पाव-अर्धा एकर. संध्याकाळी बैलही थकायचे आणि माणूसही.

इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट ही की, मोटेनं विहीर सहसा तळाला जायची नाही. बैल थांबले की उपसा थांबायचा, आणि रात्रभर विहीर पुन्हा भरायची. पाषाणाचा पाझर जेवढा, जवळपास तेवढाच बैलांचा जोर. हा मेळ कुणी ठरवून घातलेला नव्हता. आपल्या पूर्वजांना पर्यावरणाचं फार ज्ञान होतं असं आपण म्हणतो. मला वाटतं, त्यांच्याकडे दुसरं साधन नव्हतं. पण साधन तोकडं होतं म्हणून शेजाऱ्याची गरज होती, हे मात्र खरं. नाडा तुटला तर चौघांचा खर्च, गाळ काढायचा तर चौघांची माणसं, एकाचा बैल बसला तर दुसऱ्याचा जुंपायचा.

आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. १९५०च्या दशकात रमजान भर उन्हाळ्यात यायचा. आजोबा रोजे धरायचे. तोंडात पाण्याचा थेंब न घालता दिवसभर पाण्याची मोट हाकायची. तर शेजारचे माळीमामा दुपारच्या वेळी येऊन आमची पाळी स्वतः हाकायचे. आणि कार्तिकीला मामा पंढरपूरला निघाले की त्यांच्या गव्हाला पाणी आजोबा द्यायचे. दोघांनी एकमेकांचे आभार मानल्याचं कुणाला आठवत नाही. हिशेब मात्र दोघांच्याही डोक्यात पक्का असायचा. एका वर्षी आजोबांची अर्धी दुपार राहिली होती, ती पुढच्या हंगामात त्यांनी मागून घेतली.

ही गोष्ट सांगितली की शहरातल्या सभेत टाळ्या पडतात. म्हणून लगेच दुसरीही सांगायला हवी. ती चामड्याची मोट चांभारवाड्यात शिवली जायची. ती दिवसभर विहिरीत बुडायची, त्या पाण्यावर वाढलेली भाजी सगळं गाव खायचं. पण जो हात ती मोट शिवायचा, त्या हाताला विहिरीच्या पायरीला शिवता येत नसे. महारवाड्यातल्या बाया घागरी घेऊन धावेच्या खाली बसून राहायच्या, कुणी तरी वरून पाणी घालील म्हणून. त्यात आमचे आजोबाही होते. हिस्सेदार म्हणून तेही वर उभे होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते आमच्या गावापर्यंत यायला पुढे कितीतरी वर्षं लागली. तेव्हा जुन्या गावात पाणी वाटलं जात होतं हे खरं, पण ते कुणाकुणांत, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यात त्यांनी सरकारला सुचवलं होतं की डोंगरउतारावर ताली-बंधारे घाला, पावसाचं पाणी शेतात मुरू द्या, त्या कामाला फौजफाट्यातले रिकामे हात लावा, आणि पाणाड्यांकडून जमिनीतल्या पाण्याचा शोध घ्या. पाणी आधी मुरवायचं आणि मग उपसायचं, हा त्यातला क्रम. पुढच्या शंभर वर्षांत आपण त्यातला दुसरा भाग मन लावून केला.

स्वातंत्र्याच्या आसपास गावोगाव तेलाची इंजिनं आली. किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना १९४६ सालचा. आमच्याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०च्या अखेरीस त्याचं गाळप सुरू झालं. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना ही मोठीच गोष्ट होती. त्यातून शाळा-महाविद्यालयं निघाली, रस्ते झाले, कोरडवाहू गावांतल्या पोरांनाही शिक्षणाची ओढ लागली. पण त्याबरोबर ऊस म्हणजे प्रतिष्ठा, हेही मनात बसलं. कालव्याच्या काठी ज्याचा ऊस, तो बागायतदार. आम्ही विहिरीवाले त्याच्याकडे पाहून अर्धा एकर तरी ऊस लावायचे. बाजरीला वर्षभरात जेवढं पाणी लागतं, त्याच्या कैकपट ऊस पितो, हे माहीत नव्हतं असं नाही. इंजिन होतं, म्हणून जमत होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी चार वर्षांचा होतो. माझ्या आयुष्यातली पहिली आठवण म्हणजे सुकडीची चव आणि खडीचा आवाज. आई आणि दादी दोघी खडी फोडायला जायच्या. आमच्यात बायांनी बाहेरच्या कामावर जायची रीत नव्हती. दुष्काळानं ती रीत एका दिवसात मोडली. पाटलांच्या घरातल्या बायाही त्याच रांगेत होत्या. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला त्या दुष्काळानं बळ दिलं. १९७७ साली विधिमंडळानं तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क देशात प्रथम आपल्या राज्यानं कायद्यानं दिला. पुढे २००५ साली केंद्राचा कायदा झाला, त्याची वाट इथूनच निघाली होती.

त्या काळात खूप पाझर तलाव झाले. आमच्या ओढ्यावरही एक झाला. आणि त्याच दुष्काळाच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट आली : कातळ फोडणारी यंत्रं. पिण्याच्या पाण्यासाठी गावोगाव विंधन विहिरी घेतल्या गेल्या आणि त्यांच्यावर हातपंप बसले. जगभर गेलेला 'इंडिया मार्क टू' हा हातपंप आपल्या सोलापूरला तयार झालेल्या पंपावरून पुढे आला, हे फार थोड्यांना माहीत आहे. आमच्या गावात तो बसला तेव्हा सगळ्या वाड्यांतल्या बाया एका दांड्याला हात लावू लागल्या. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. लोखंडाला विटाळ नव्हता. विकास या शब्दावर कुणी फार कडवट बोलू लागलं की मला तो दांडा आठवतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी वस्तीवर वीज आली. विहिरीवर पहिली मोटर चौघांत मिळून बसली. मग दोन झाल्या, मग चार. एका विहिरीत चार पाइप. पाळी कागदावर तीच राहिली, पण आता दोन दिवसांत किती पाणी ओढायचं याला मर्यादा उरली नाही. पाच अश्वशक्तीची मोटर थकत नाही. पुढे शेतीपंपाचं बिल युनिटवर न राहता अश्वशक्तीवर ठरू लागलं. म्हणजे तासभर चालवा नाहीतर वीज असेपर्यंत चालवा, पैसे तेवढेच. मग बटण बंद करण्याचं कारणच राहिलं नाही. आपल्या पाळीत विहीर तळाला गेली पाहिजे, नाहीतर पुढचा ओढील, असा विचार सुरू झाला. वाईट माणसं आली नव्हती. माणसं तीच होती, हाताशी आलेलं साधन बदललं होतं.

आणि खोटं कशाला बोलू, त्या मोटरीनं मला शिकवलं. कांद्याचे पैसे आले म्हणून मी तालुक्याला राहून बी. ए. झालो. मोटेच्या काळात मुलाण्याचं पोर मोट हाकत राहिलं असतं आणि मोटेवरची गाणी म्हणत राहिलं असतं. गाणी चांगली होती. पण मला तिकडे परत जायचं नाही.

नव्वदच्या दशकात बोअरच्या गाड्या येऊ लागल्या. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या गाड्या, एका गाडीवर यंत्र, दुसरीवर पाइप आणि माणसं. रात्रभर खडखडाट, सकाळी शेतावर राखाडी भुकटीचा थर. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी वाळूसारखं सगळीकडे भरलेलं नसतं. वरच्या मुरुमात आणि मांजऱ्यात ते मुरतं, खालच्या पाषाणात फक्त भेगांतून असतं. विहीर हा हौद आहे, बोअर ही त्याला खालून लावलेली नळी. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर धूळ. आणि लागलेली भेग शेजाऱ्याच्या विहिरीखालून गेली असेल, तर आपण त्याचंच पाणी ओढतो.

२००३ साली, सलग दुष्काळाच्या त्या वर्षांत, आम्ही दोघा भावांनी बोअर घेतलं. विहीर आटली होती. कांद्याचं रोप उभं होतं, धाकट्याच्या मुलीची डी. एड.ची फी भरायची होती. जागा विहिरीपासून फार लांब नव्हती, कारण आमचा तुकडाच तेवढा. अब्बा तेव्हा थकलेले होते. ते एवढंच म्हणाले, "माळीमामाच्या पोराला विचारलं का?" आम्ही म्हणालो, आपल्या रानात घ्यायला विचारायचं कशाला? कायद्यानं आमचंच बरोबर होतं. १९९३च्या भूजल कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंधन घातलं होतं. पण शेताच्या जुन्या सामायिक विहिरीचं रक्षण कोण करणार? तीनशे फुटांवर पाणी लागलं. कांदा निघाला, फी भरली गेली. पुढच्या पावसाळ्यात विहिरीत पाणी आलं ते दिवाळीपर्यंत टिकलं नाही. मामांच्या नातवानं विहिरीत आडवी बोअरं मारून पाहिली, मग स्वतःचं चारशे फुटांचं घेतलं. पाटलांनी पाचशेचं. आमचं बोअर चौथ्या वर्षी कोरडं पडलं.

कुणाचं भांडण झालं नाही. फक्त बोलायचं कारण संपलं. पूर्वी रोज पाळीसाठी, बारं धरण्यासाठी, गाळासाठी बोलावं लागायचं. अब्बा २००९ साली गेले. जनाज्याला मामांचं सगळं घर आलं होतं. पण त्यांचा नातू आणि मी विहिरीवरून गेलो तेव्हा दोघांनीही आत डोकावून पाहिलं नाही. ते बोअर घेताना आम्ही विचारायला हवं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला नसता, हेही कळलं.

मग यावर उपाय काय? उपाय आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात लोकांनी करून पाहिला आहे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याचं पाणी सगळ्या फडाला, पीक सगळ्यांनी ठरवून, पाटावर देखरेखीला पाटकरी. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे या इंजिनिअरनं बहात्तरच्या दुष्काळानंतर देवस्थानची ४० एकर जमीन खंडानं घेतली आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. त्यांचा नियम असा : पाणी जमिनीवर नाही, माणसावर. घरातल्या माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढं. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येणार नाही. आणि ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्याचा वाटा. साळुंखे २००२ साली गेले. धावेखाली घागर घेऊन बसलेल्या बाईचा हिस्सा ज्यानं हिशेबात धरला, तो हा माणूस, असं मी मानतो.

आमच्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार तर सगळ्यांना माहीत आहे. १९८९-९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा पाणी नाही म्हणून लोक गाव सोडून जात होते. आधी डोंगरावर चर खणून, झाडं राखून, चराई बंद करून पाणी मुरवलं. म्हणजे फुल्यांचा क्रम पाळला. मग ग्रामसभेत ठरलं : शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, आणि पाऊस किती पडला ते पाहून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाऊस कमी तर पिकंही कमी पाण्याची. त्या गावात मुसलमानाचं घर एकच, आणि त्या एका घरासाठी गावानं मशीद बांधून दिली. लोक याला औदार्य म्हणतात. मला ते पाण्याच्या ताळेबंदाचंच पुढचं पान वाटतं. ज्या गावाला वाटा मोजायची सवय आहे, ते गाव एकाच घराचा वाटाही विसरत नाही.

राज्यानं २००९ साली भूजलाचा नवा कायदा केला. खोल विहिरींवर मर्यादा, पाणलोटाप्रमाणे पिकांचं नियोजन, असं त्यात बरंच आहे. कायदा हवाच. पण तिरुचेंगोडची गाडी रात्री अकराला शिवारात शिरते, तेव्हा तिथं कायद्याचा माणूस नसतो. शेजारी असतो. त्याच्याशी आपलं बोलणं उरलं आहे का, एवढाच प्रश्न असतो.

म्हणून मुलाच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : चार आण्यांत पाणी किती येतं, ते बाकीच्या बारा आण्यांवर अवलंबून असतं. मोटेच्या काळात बैलांनी हे आपल्याकडून सक्तीनं पाळून घेतलं, तेही अर्ध्या गावाला बाहेर ठेवून. मोटरीनं ती सक्ती काढून घेतली. आता जे पाळायचं ते आपण होऊन, आणि या खेपेला सगळ्यांना धरून.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो होतो. माळीमामांच्या नातवाच्या ओट्यावर जाऊन बसलो. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, विहिरीतला गाळ काढायचा का? वरच्या ओढ्याचं पाणी तिच्यात वळवलं तर मुरेल. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "खर्च चौघांत बसवायचा ना, मुलाणीभाई?"

चौघांतच, मी म्हणालो. सातबाऱ्यावर तसंच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)